पाचपैकी पाच

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. मिस्टरांचं वय ४१. आम्ही दोघंही नऊ वर्षांपासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या, गोळ्या घेतो. हे घरात फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. सासूबाई, भाऊजी, जाऊबाई कुणालाच नाही. यंदा यांना हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला, छातीत मोठी गाठ. घरात कॅन्सरचं सांगितलं, बाकीचं नाही. एबीव्हीडी नावाच्या केमोच्या दोन सायकल झाल्या आणि तिसरीच्या आधी पुण्याला पेट स्कॅन केला. भाऊजी गाडी घेऊन आले होते, तिथला फॉर्म त्यांनीच भरला.

रिपोर्टमध्ये लिहिलंय की छातीतली गाठ ८.६ सेंटिमीटरची ३.१ झाली, तिथला स्कोअर २. पण दोन्ही काखांत आणि दोन्ही जांघांत नव्या लहान गाठी दिसतात, म्हणून एकूण डोव्हिल स्कोअर ५. सासूबाई म्हणाल्या, पाचपैकी पाच म्हणजे चांगलंच की. भाच्याने मोबाईलवर वाचून सांगितलं की असा रिपोर्ट आला तर शंभरातले बाराच जगतात. तेव्हापासून हे धड जेवत नाहीत. डॉक्टरांची तारीख पुढच्या मंगळवारी आहे.

आणखी एक. केमो सुरू झाल्यावर यांनी एआरटीच्या गोळ्या बंद केल्यात. दोन्ही औषधं एकदम घेतली तर उष्ण पडतात असं कुणीतरी सांगितलं. सात आठवडे झाले. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. रागावतील म्हणून भीती वाटते. आता काय समजायचं?

— एक भगिनी

उत्तर

ताई, पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ‘आणखी एक’ म्हणून शेवटी लिहिलीत. माझ्या ओपीडीत हे रोज व्हायचं. माणूस उठायचा, दारापर्यंत जायचा, कडीला हात लावायचा आणि मग वळून म्हणायचा, ‘मॅडम, आणखी एक.’ खरी गोष्ट त्या दाराशीच कळायची. तेव्हा मीही तिथूनच सुरुवात करते.

उद्या सकाळी एआरटी केंद्रावर जा. मंगळवारची वाट बघू नका. सात आठवडे गोळ्या बंद आहेत आणि केमो चालू आहे, एवढं एक वाक्य सांगा. ते व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासतील आणि गोळ्या पुन्हा सुरू करून देतील. रागावले तर दोन मिनिटं रागावतील. या गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा वर येतो. त्यात केमोने पांढऱ्या पेशी पाडलेल्या असतात, म्हणजे घराचं कुंपणही मोडलेलं आणि राखणदारही रजेवर. शिवाय टीएलडी या एआरटीच्या नेहमीच्या गोळीतली दोन औषधं हिपॅटायटिस बी लाही दाबून ठेवतात. कुणाला तो आजार असेल आणि गोळ्या अचानक थांबल्या, तर यकृताला सूज येऊ शकते.

‘उष्ण पडतं’ हे मी तीस वर्षं ऐकत आले आहे. क्षयाच्या गोळ्या उष्ण, लोहाच्या गोळ्या उष्ण, केमो तर उष्णच. टीएलडीतलं डोल्यूटेग्राविर आणि एबीव्हीडीची इंजेक्शनं एकमेकांच्या आड येत नाहीत. आड येतात ती रिटोनाविर असलेली औषधं, जी काही जणांना दुसऱ्या फळीत देतात. त्यांच्यामुळे एबीव्हीडीतलं व्हिनब्लास्टिन शरीरात जास्त वेळ राहतं, हातापायांना मुंग्या येतात, पेशी जास्त पडतात. जुनं झिडोव्हुडिनही केमोत टाळतात, कारण ते रक्त आणखी कमी करतं. म्हणून यांची नेमकी गोळी कोणती ते कॅन्सरच्या डॉक्टरांना बाटली दाखवूनच सांगा. उलट्यांमुळे गोळी राहत नसेल तर तेही सांगा, उलटीचं औषध बदलता येतं. आणि अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध, कॅल्शियम किंवा लोह घेत असतील तर डोल्यूटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचं, नाहीतर ते पोटातच अडकतं.

आता त्या पाचाकडे वळते.

डोव्हिल हे फ्रान्सच्या समुद्रकाठचं एक गाव. २००९ साली तिथे या विषयातले डॉक्टर जमले आणि पेट स्कॅन वाचायची पट्टी ठरवली. स्कॅनच्या आधी शिरेतून जे देतात ती साखरच असते, तिला फ्लोरिनचा किरणोत्सारी अणू चिकटवलेला असतो. जी पेशी भुकेली, ती साखर जास्त ओढते आणि पडद्यावर उजळ दिसते. किती उजळ हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी मापटं माणसाच्या स्वतःच्या अंगातलंच घेतात: छातीच्या मधल्या भागातलं रक्त आणि यकृत. गाठीत काहीच उजळ नाही तर १. छातीतल्या रक्ताइतपत किंवा कमी, २. त्याहून जास्त पण यकृताच्या आत, ३. यकृतापेक्षा जास्त, ४. यकृतापेक्षा खूपच जास्त किंवा नव्या जागा, ५. सासूबाईंना सांगा, ही परीक्षा उलटी आहे. इथे एक नंबर काढणारा पहिला येतो.

पण त्या पट्टीत आणखी एक खूण आहे, ती भाच्याला दिसलेली नाही. ती आहे ‘एक्स’. नवी जागा उजळलेली आहे, पण ती लिम्फोमाची असेल असं वाटत नाही, तेव्हा वाचणारा डॉक्टर तिथे एक्स लिहितो. ‘नव्या जागा म्हणजे ५’ हा नियमही त्या जागा लिम्फोमाच्या वाटत असतील तरच लागू होतो. म्हणजे ५ लिहायचा की एक्स, हे मशीन ठरवत नाही. समोर बसलेला माणूस ठरवतो, आणि तो त्याला जे माहीत आहे त्यावरून ठरवतो.

त्याला काय माहीत होतं? भाऊजींनी भरलेला फॉर्म.

त्या फॉर्मवर एचआयव्हीचा रकाना असणार आणि तिथे ‘नाही’ असणार. भाऊजींची चूक नाही, त्यांना ठाऊकच नव्हतं. पण वाचणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांपुढे असा माणूस आला ज्याला फक्त हॉजकिन आहे, छातीतली गाठ थंड झाली आहे आणि काखेत-जांघेत नवं काही पेटलंय. त्याने ५ लिहिला. मीही लिहिला असता. तेच त्याला कळलं असतं की हा माणूस नऊ वर्षं एचआयव्हीसह जगतोय आणि सात आठवडे औषधाविना आहे, तर त्याने पेन खाली ठेवून विचार केला असता. एचआयव्ही मोकळा सुटला की लसिकाग्रंथींतच तळ ठोकतो, तिथल्या पेशी लढायला उठतात, साखर ओढतात, उजळतात. असं उजळणं बऱ्याचदा मान, काख, जांघ अशा जागी आणि दोन्ही बाजूंना दिसतं. गोळ्या नियमित आणि व्हायरल लोड दबलेला असेल तर हे फारसं दिसत नाही.

तुम्ही बागायतदार आहात, तुमच्या भाषेत सांगते. द्राक्षाच्या पानावर वरून पिवळा डाग दिसला तर तुम्ही लगेच डाऊनी म्हणून फवारा उचलता का? पान उलटून बघता. खालून पांढरी बुरशी असेल तर डाऊनी, नसेल तर खत, पाणी, फवाऱ्याचा चटका, दहा कारणं. पेट स्कॅन पानाची वरची बाजू दाखवतो. पान उलटायचं काम बायोप्सीचं. जी गाठ सगळ्यात उजळ आणि हाताला लागणारी, तिचा तुकडा, जमलं तर अख्खी गाठ काढून, पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना दाखवायची. सोबत क्षयाचीही तपासणी, कारण आपल्याकडे एचआयव्ही आणि उजळलेली गाठ म्हटल्यावर टीबी आठवला नाही तर तो डॉक्टर इथला नव्हे.

मी पत्रावरून निदान करत नाहीये, हे नीट लक्षात घ्या. त्या काखेतल्या गाठी लिम्फोमाच्याही निघू शकतात. मूळ जागा विझतेय आणि भलतीकडे दोन्ही बाजूंना सारखंच पेटतंय, हे चित्र मला संशय घ्यायला लावतं, एवढंच. संशयावर इलाज बदलू नये आणि संशयावर निर्धास्तही होऊ नये.

भाच्याचा आकडा कुठून आला तेही मला माहीत आहे. २००७ साली इटली आणि डेन्मार्कच्या डॉक्टरांनी प्रगत हॉजकिनच्या २६० रुग्णांचा अभ्यास छापला. एबीव्हीडीच्या दोन सायकलनंतर ज्यांचा पेट स्वच्छ, त्यांच्यापैकी दोन वर्षांनी आजार न वाढलेले होते ९५ टक्के. ज्यांचा पेट उजळ, त्यांच्यात १२.८ टक्के. हा फरक इतका डोळ्यात भरणारा होता की त्यानंतर मधला स्कॅन जगभर नेमाचा झाला. पण भाच्याने त्यात एक शब्द बदलला. तो आकडा जगण्याचा नाही, ‘आजार पुन्हा न वाढता’ राहिलेल्यांचा आहे. आजार वाढला म्हणजे माणूस गेला असं नव्हे, पुढे दुसरा इलाज असतो. शिवाय तेव्हा बहुतेकांना उजळ पेटनंतरही तीच औषधं चालू ठेवली होती. पुढे २०१६ साली इंग्रज डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला राथल नावाचा मोठा अभ्यास आला. त्यात मधला पेट उजळ आलेल्या १७२ जणांना जास्त तीव्र औषधांवर नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यातले ६७.५ टक्के आजार न वाढता होते आणि हयात होते ८७.८ टक्के. बारा कुठे आणि सत्त्याऐंशी कुठे. भाच्यावर रागावू नका, पोराने काळजीपोटी वाचलं. पण मोबाईलवर पहिला आकडा भेटतो, दुसरा शोधावा लागतो.

आणि यातला कुठलाही आकडा एचआयव्ही असलेल्या माणसाला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. मधल्या पेटवरून इलाज बदलण्याचा प्रयोग अमेरिकेत एचआयव्ही असलेल्यांवरही झाला, पण त्यात माणसं होती डझनभर. एवढ्यांवरून टक्केवारी सांगणं म्हणजे एका वेलीवरून अख्ख्या बागेचा भाव ठरवणं. छोट्या-छोट्या अभ्यासांतून जे हाती येतं ते असं: पेट स्वच्छ आला तर एचआयव्ही असलेल्यांतही त्यावर चांगला भरवसा ठेवता येतो. उजळ आला तर तेवढा भरवसा नाही, कारण उजळायला कारणं जास्त. स्वच्छ स्कॅन खरं बोलतो, उजळ स्कॅनची उलटतपासणी घ्यावी लागते.

नुसत्या हॉजकिनबद्दल विचाराल तर एक बरी बातमी आहे. २०१२ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एबीव्हीडी घेतलेल्या २२४ जणांची तुलना छापली, त्यातले ९३ एचआयव्हीसह जगणारे आणि एआरटी घेणारे. पाच वर्षांनी हयात होते ८१ टक्के, एचआयव्ही नसलेल्यांत ८८. आजाराची तीव्रता वगैरे जमेला धरल्यावर एचआयव्हीमुळे म्हणून निकालात फरक पडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. यात ‘एआरटी घेणारे’ हे शब्द मिस्टरांना दोनदा वाचून दाखवा.

(ज्यांना हॉजकिन नाही, डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा आहे अशा वाचकांसाठी: तुमचा हिशेब वेगळा. तिथे मधल्या स्कॅनवरून औषधं वाढवून फायदा झाला नाही असं जर्मनीतल्या पेटल अभ्यासात दिसलं. वरचं सगळं तुम्हाला लावू नका.)

आता त्या गुपिताबद्दल. तुम्ही घरात का सांगितलं नाही हे मी विचारणार नाही. १९९०च्या दशकात मी ज्या रुग्णालयात शिकत होते तिथे अशा रुग्णाच्या केसपेपरवर लाल शाईने इंग्रजीत मोठ्ठं लिहायचे आणि तो कागद खाटेला टांगलेला असायचा. भेटायला आलेला चुलता तो वाचून आल्या पावली परत गेलेला मी पाहिलाय. म्हणून गुपित ठेवणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. आता कायदाही आहे. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती कुणाला सांगता येत नाही आणि त्यावरून इलाज नाकारता येत नाही. सासूबाईंना सांगायचं की नाही हे तुम्ही दोघं ठरवाल, हवं तेव्हा, कधीच नाही तरी चालेल. पण स्कॅन वाचणारा डॉक्टर म्हणजे सासूबाई नव्हे. त्याच्यापासून लपवलं तर तो पिवळा डाग बघून फवारा मारणार.

भाऊजी शेजारी उभे असताना कसं सांगायचं, हा खरा प्रश्न. सोपा मार्ग असा: कॅन्सरच्या डॉक्टरांना म्हणा की स्कॅन सेंटरच्या डॉक्टरांशी तुम्हीच थेट बोला, एचआयव्ही, बंद पडलेल्या गोळ्या आणि व्हायरल लोडचा आकडा सांगा आणि जुनाच स्कॅन पुन्हा वाचून द्या म्हणावं. त्यासाठी पुन्हा पुण्याला जायला नको, चित्रं त्यांच्याकडे आहेतच. पुढच्या वेळी इंजेक्शनच्या खोलीत रुग्णाला एकट्यालाच नेतात. तिथे सिस्टरच्या हातात चिठ्ठी द्यायची. फॉर्म मात्र स्वतः भरायचा. भाऊजींना म्हणा, तुम्ही चहा घेऊन या.

मंगळवारी या गोष्टी विचाराच: स्कॅन पुन्हा वाचून घ्यायचा का, काखेतल्या गाठीची बायोप्सी करायची का, आणि निकाल येईपर्यंत तिसरी सायकल ठरल्या दिवशी द्यायची का. शेवटचा प्रश्न विसरू नका. घाबरून लोक ‘आधी रिपोर्ट येऊ दे’ म्हणत केमोची तारीख पुढे ढकलतात, त्यात नुकसान आहे. ती तारीख डॉक्टरांनी हलवली तरच हलवायची. पेशी वाढवायचं इंजेक्शन स्कॅनच्या आधी कधी घेतलं होतं तेही सांगा, त्याने हाडातला मगज आणि प्लीहा उजळतात. दाढ दुखत असेल, गळू झालं असेल, कुठली लस घेतली असेल तर तेही. आणि न्यूमोनिया टाळायची कोट्रायमोक्साझोलची गोळी चालू आहे का, बघा. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, खाली आलेला दिसेल, त्याने घाबरू नका, केमोने तो पडतोच. आपण लक्ष ठेवायचं ते व्हायरल लोडवर.

एआरटी पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कधीकधी ताप येतो किंवा गाठी थोड्या फुगतात, कारण झोपलेली प्रतिकारशक्ती जागी होते. तसं झालं तर गोळ्या पुन्हा बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा. डोल्यूटेग्राविरने विषाणू झपाट्याने खाली येतो, बऱ्याच जणांत महिन्याभरात मोठा फरक दिसतो. तेव्हा पुढचा स्कॅन ठरेल तो आजच्यापेक्षा खरा बोलेल.

त्या स्कॅनच्या आदल्या दिवशी मिस्टरांनी शेडवर क्रेट उचलायच्या नाहीत. हसू नका. दमलेले स्नायू साखर ओढतात आणि खांदे-दंड उजळतात. निदान सहा तास पोटात पाण्याशिवाय काही नको, चहाही नको. इंजेक्शननंतर तासभर पांघरूण घेऊन गप्प पडून राहायचं, मोबाईलही नाही, गप्पाही नाहीत. थंडी वाजली तर ब्लँकेट मागून घ्यायचं, कारण कुडकुडणाऱ्या अंगातली चरबीही उजळते. आणि वेळेवर पोचा. ती साखर ११० मिनिटांत निम्मी होते, ती कुणासाठी थांबत नाही. परत आल्यावर त्या दिवशी लहान मुलांना कडेवर घ्यायचं नाही आणि घरात कुणी गरोदर असेल तर थोडं लांब बसायचं.

राहिलं जेवण. मिस्टर जेवत नाहीत ते भाच्याच्या बारा टक्क्यांमुळे, आजारामुळे नव्हे. आज रात्री त्यांना त्यांचाच रिपोर्ट परत वाचायला द्या, फक्त पहिली ओळ. छातीतली गाठ मोसंबीएवढी होती, ती लिंबाएवढी झाली आणि जी उरलीय तिथला स्कोअर २ आहे. सासूबाईंनाही तेच सांगा, ते खरं आहे आणि त्यात कुठलं गुपित नाही.

मंगळवारी निघताना एआरटीचं पुस्तक पिशवीच्या तळाला घालू नका, वरच ठेवा.